फीडरजवळ पक्षीच पक्ष्याला मारतो तेव्हा : कारण कसे शोधावे आणि काय करावे

फीडरखाली, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या भांड्याखाली, एखादा लहान पक्षी मरून पडलेला दिसतो. त्याच्या डोक्याचा मागचा भाग टोचून फोडलेला असतो, आणि त्याच्या अंगावर उभा राहून चोच मारणारा पक्षी शिक्रा किंवा ससाणा नसतो, तर रोज त्याच फीडरवर दाणे टिपायला येणाऱ्यांपैकीच एक असतो. असे दृश्य पहिल्यांदा पाहणारा माणूस हादरून जातो. काही दिवसांनी तेच पुन्हा घडले, की आपण दाणे ठेवून पक्ष्यांवर संकट तर ओढवले नाही ना, ही शंका त्याला सोडत नाही. मग बहुतेक जण हल्ला करणाऱ्या पक्ष्याला हाकलत बसतात किंवा फीडर कायमचा उतरवून ठेवतात. हाकलण्याने फारसे काही साधत नाही, आणि फीडर उतरवणे काही परिस्थितींत अगदी योग्य, तर काही परिस्थितींत नेमके चुकीचे ठरते.

हा प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्यामागे साधारणपणे चारपैकी एक कारण असते. बळी पडणारे पक्षी आधीच आजारी किंवा जायबंदी असतात. फीडरची मांडणी अशी असते की मोठे संधिसाधू पक्षी आणि लहान पक्षी एकाच अरुंद जागेत डोके खाली घालून खातात. परिसरात खाटीक (श्राइक) या शिकारी पक्ष्याने मुक्काम केलेला असतो. किंवा विणीच्या हंगामात घरट्याच्या पेटीवरून जीवघेणे भांडण चाललेले असते. या चौघांचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसान वाढते. त्यामुळे उपायाकडे वळण्याआधी कारण निश्चित करणे, हाच या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

आधी पुरावा नीट पाहा

मेलेल्या पक्ष्याजवळ जो पक्षी दिसतो, त्यानेच त्याला मारले असे धरून चालू नये. कावळे, साळुंक्या, टकाचोर, टिट जातीचे छोटे पक्षी, असे कितीतरी पक्षी आयते मिळालेले मांस आणि चरबी खातात; गोठवणाऱ्या थंडीत चिकडीसारखा इवलासा पक्षीसुद्धा मेलेल्या हरणाच्या सांगाड्यावरची चरबी टोचून खाताना दिसतो. काचेवर आपटून मेलेला पक्षी फीडरखाली पडला आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या पक्ष्याने त्याला टोचायला सुरुवात केली, तर खिडकीतून पाहणाऱ्याला ती शिकारच वाटणार.

पिसांवरून बरेच काही कळते. शिक्रा किंवा त्याच्या कुळातला शिकारी पक्षी भक्ष्याची पिसे उपटून एकाच जागी विखरून टाकतो, पिसांचे दांडे बहुधा शाबूत असतात, आणि तो छातीचे मांस आधी खातो. मांजराने किंवा मुंगसासारख्या सस्तन प्राण्याने पक्षी धरला असेल तर पिसांचे दांडे चावून तुटलेले असतात, काही पिसे लाळेने एकमेकांना चिकटलेली असतात. काचेवर आपटलेल्या पक्ष्याच्या अंगावर बाहेरून जखम दिसतेच असे नाही, परंतु काचेवर पंखांच्या भुकटीचा पुसट ठसा किंवा एखादे बारीक पीस चिकटलेले आढळू शकते. याउलट दुसऱ्या गाणाऱ्या पक्ष्याने मारलेल्या पक्ष्याचे डोके, डोळे आणि मान यांवर जखमा एकवटलेल्या असतात. मेंदू खाल्लेला असतो आणि बाकीचे शरीर पुष्कळदा जसेच्या तसे राहते. घुबडेही कधी कधी भक्ष्याचे डोकेच तेवढे खातात, म्हणून पक्षी पहाटे मेलेला सापडला की भरदुपारी डोळ्यांदेखत मारला गेला, याची नोंद वेळेसह ठेवावी.

शक्य असल्यास फीडरकडे तोंड करून हालचाल टिपणारा एक लहान कॅमेरा काही दिवस लावावा. मला स्वतःला हा खर्च सर्वांत सत्कारणी लागणारा वाटतो, कारण आपण खिडकीशी उभे असतो तेवढ्या वेळेवरून काढलेले निष्कर्ष बहुतेक अपुरे असतात. चित्रफितीत दोन गोष्टी शोधाव्या : हल्ला होण्याआधी बळी पडलेला पक्षी कसा वागत होता, आणि हल्ला फीडरवर झाला, जमिनीवर झाला की झुडपात.

दाणे खाणारा पक्षी मांस का खातो

या प्रश्नाचे उत्तर समजले तर पुढचे उपाय आपोआप अर्थपूर्ण वाटू लागतात. फीडरवर येणारे बहुतेक पक्षी केवळ दाण्यांवर जगत नाहीत. चिमणीसारखा धान्यखाऊ पक्षीही पिलांना अळ्या आणि किडे भरवतो, आणि टिट तर वर्षातला मोठा काळ कीटकांवरच काढतो. टिट कठीण बी पायाखाली दाबून धरतो आणि चोचीचे घाव घालून फोडतो. तीच पद्धत, तीच चोच आणि तोच जोर वापरून तो पातळ हाडाची लहान कवटी फोडू शकतो. आत मिळणारा मेंदू चरबीने समृद्ध असतो. थंडीच्या लांब रात्रीत अंगातली ऊर्जा टिकवणे हा ज्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, त्याच्या दृष्टीने ती मोठी प्राप्ती असते.

याचा सर्वांत नीट अभ्यासलेला दाखला हंगेरीतला आहे. तिथल्या ब्युक डोंगरातील एका गुहेत पेटर एश्टोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की ग्रेट टिट हा जेमतेम अठरा-वीस ग्रॅम वजनाचा पक्षी हिवाळ्यात गुहेत शिरून, शीतनिद्रेतल्या छोट्या पिपिस्ट्रेल वटवाघळांना शोधतो, मारतो आणि खातो. जागे होणाऱ्या वटवाघळांच्या आवाजाचा माग काढत हे पक्षी त्यांच्यापर्यंत पोहोचतात, असेही त्यांना आढळले. हे संशोधन ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या कामाची गोष्ट मात्र याच्या पुढची आहे : गुहेच्या तोंडाशी सूर्यफुलाच्या बिया आणि चरबीयुक्त मांस ठेवल्यावर वटवाघळांची शिकार जवळजवळ थांबली. म्हणजे दुसरे पोषक खाद्य सहज मिळत असेल तर हे पक्षी कष्टाच्या आणि जोखमीच्या शिकारीकडे वळत नाहीत. फीडरमुळे पक्षी हिंस्र होतात या समजुतीच्या विरुद्ध दिशेला हा पुरावा जातो, आणि कडाक्याच्या थंडीत घाबरून दाणे बंद करणे का धोक्याचे आहे, हेही त्यातून स्पष्ट होते.

मोठ्या पक्ष्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. उत्तर अमेरिकेतील कॉमन ग्रॅकल हा धान्य, किडे, लहान मासे, इतरांच्या घरट्यांतली अंडी आणि पिले असे सगळे खाणारा पक्षी प्रसंगी पूर्ण वाढलेली चिमणीही मारतो. कावळा, टकाचोर, मॅगपाय, ‘जे’ (jay) या कुळातले पक्षी अंडी आणि पिले पळवतात, हे सर्वांना ठाऊक आहेच. परंतु या स्वभावाची अतिशयोक्तीही फार होते. ब्लू जे या पक्ष्याच्या आहाराच्या एका विस्तृत अभ्यासात केवळ १ टक्का पक्ष्यांच्या पोटात अंड्यांचे किंवा पक्ष्यांचे अवशेष आढळले. एक प्रसंग पाहून संपूर्ण जातीला खुनी ठरवणे हा त्या पक्ष्यावर अन्याय आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

बळी पडणारे पक्षी आजारी आहेत का

सर्वांत आधी हे तपासावे, कारण पुन्हा पुन्हा होणाऱ्या हल्ल्यांमागे हे कारण असेल तर प्रत्येक दिवसाचा उशीर अनेक पक्ष्यांना भोवतो. निरोगी लहान पक्षी साळुंकीएवढ्या पक्ष्याच्या हाती सहसा लागत नाही. तो उडून जातो. जो उडून जात नाही, त्याला काहीतरी झालेले असते, आणि संधिसाधू पक्ष्याला ते माणसापेक्षा कितीतरी लवकर कळते.

चित्रफितीत किंवा दुर्बिणीतून पाहताना पुढील खुणांकडे लक्ष द्यावे. पक्षी पिसे फुलवून गोळा होऊन बसला आहे, बाकीचे उडाले तरी तो जागचा हलत नाही, डोळे अर्धवट मिटलेले आहेत, फीडरवर बराच वेळ बसूनही प्रत्यक्षात काही गिळत नाही, चोचीभोवतीची पिसे ओली किंवा चिकट आहेत, डोळ्यांभोवती सूज आहे. यांतल्या काही खुणा ठरावीक रोगांकडे बोट दाखवतात. चोचीभोवती ओल आणि गिळण्याचा त्रास ही ट्रायकोमोनोसिसची लक्षणे आहेत. ट्रायकोमोनास गॅलिनी या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा हा रोग पूर्वी मुख्यतः कबुतरांत आढळत असे. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या फिंच, म्हणजे बिया खाणाऱ्या जाड चोचीच्या छोट्या पक्ष्यांत तो दिसू लागला, पुढच्याच वर्षी त्याने मोठ्या साथीचे रूप घेतले, आणि ग्रीनफिंच या एके काळी सर्रास दिसणाऱ्या पक्ष्याची संख्या इतकी घसरली की २०२१ मध्ये त्याचा समावेश तिथल्या सर्वाधिक चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत झाला. डोळे सुजणे हे हाउस फिंचमध्ये १९९४ पासून अमेरिकेच्या पूर्व भागात पसरलेल्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाचे ठळक लक्षण आहे. पिसे फुलवून सुस्त बसणे हे साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गातही दिसते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात पाइन सिस्किन या छोट्या फिंचमध्ये साल्मोनेलाची मोठी साथ आली होती.

अशी एक जरी खूण स्पष्ट दिसली, तर फीडर आणि पाण्याचे भांडे दोन्ही त्याच दिवशी उतरवावे. इथे थंडीचा विचार बाजूला ठेवावा लागतो, कारण आजारी पक्ष्याची विष्ठा आणि लाळ ज्या जागी पडते तिथेच निरोगी पक्षी खात असतात, आणि आपण ठेवलेले भांडे रोगाचे केंद्र बनते. दोन ते चार आठवडे खाद्य बंद ठेवावे, म्हणजे पक्षी पांगतात. त्या काळात फीडर गरम साबणाच्या पाण्याने घासून धुवावा, मग नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावा, भरपूर पाण्याने खंगाळावा आणि पूर्ण कोरडा होऊ द्यावा. कोरडे करण्याची पायरी अनेक जण उरकून टाकतात. ट्रायकोमोनासचा परजीवी कोरड्या पृष्ठभागावर फार काळ टिकत नाही, हे लक्षात घेतले तर उन्हात घालवलेला एक दिवस किती मोलाचा आहे ते कळेल. फीडरखालची जमीन, साचलेली टरफले आणि विष्ठा तितक्याच काळजीने काढावी. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, कारण साल्मोनेलाचा संसर्ग माणसाला आणि घरातल्या मांजरालाही होऊ शकतो. आजारी पक्षी पुन्हा दिसू लागले तर खाद्य पुन्हा बंद करावे. यात भिडस्तपणा कामाचा नाही.

रोगाची खूण नसेल, पण बळी पडणारे पक्षी मरगळलेले किंवा सुन्न दिसत असतील, तर जवळच्या काचांकडे पाहावे. उडत आलेला पक्षी काचेवर आपटला की काही मिनिटे जमिनीवर बधिर बसून राहतो, आणि त्या अवस्थेत तो कोणाच्याही तावडीत सापडू शकतो. फीडर काचेपासून एक मीटरच्या आत ठेवला तर पक्ष्याला आपटण्याइतका वेग येत नाही, आणि दहा मीटरपेक्षा लांब ठेवला तर काच ओळखायला वाव मिळतो. मधले अंतर सर्वांत घातक असते. काचेवर बाहेरच्या बाजूने पाच सेंटिमीटरच्या अंतराने ठिपके किंवा पट्ट्या लावल्या तर टकरी पुष्कळच कमी होतात. एखादा पोस्टरसारखा चिकटवलेला ससाण्याचा आकार मात्र फारसा उपयोगी पडत नाही.

मांडणी चुकलेली असेल तर

बळी पडणारे पक्षी धडधाकट दिसत असतील आणि हल्ला करणारा पक्षी आकाराने दुप्पट-तिप्पट असेल, तर फीडरच्या मांडणीचा विचार करावा. अशा हल्ल्यांची जागा बहुधा फीडर नसते, तर फीडरखालची जमीन असते. वर बसलेले पक्षी दाणे उधळतात, खाली चिमण्यांसारखे जमिनीवर टिपणारे पक्षी दाटीवाटीने जमतात, त्यांच्यातच कावळा किंवा ग्रॅकलसारखा मोठा पक्षी शांतपणे दाणे टिपत फिरतो, आणि सगळ्यांना त्याची सवय झालेली असते. शेजारी खाणारा पक्षी एका पावलाच्या अंतरावरून मानेवर चोच मारतो तेव्हा लहान पक्ष्याला सावध व्हायला क्षणही मिळत नाही. म्हणून पहिले काम हेच, की जमिनीवरची ही गर्दी मोडावी. फीडरखाली रुंद ताटली बसवावी, ती रोज रिकामी करावी, आणि एक मोठा फीडर ठेवण्याऐवजी तीन-चार लहान फीडर एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर टांगावे. एका जागी जमणारे पक्षी कमी झाले की भांडणे, विष्ठा आणि रोगाचा धोकाही त्याच प्रमाणात कमी होतो.

दुसरे काम मोठ्या पक्ष्यांना लहान पक्ष्यांच्या ताटातून वेगळे करण्याचे. उभ्या नळीचा, आखूड दांड्या असलेला फीडर मोठ्या पक्ष्याला गैरसोयीचा असतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे नळीभोवती तारेचा पिंजरा असलेला फीडर. पिंजऱ्याची चौकट साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर रुंद असली की फिंच, टिट, चिमण्या आत शिरतात आणि कावळ्या-साळुंकीच्या आकाराचे पक्षी बाहेर राहतात. पिंजऱ्याची जाळी आणि आतली नळी यांत पुरेसे अंतर आहे ना, हे पाहून घ्यावे. नाहीतर लांब चोचीचा पक्षी बाहेरूनच आत बसलेल्या पक्ष्याला गाठू शकतो. असे पिंजरे घाईने आत शिरलेल्या लहान पक्ष्याला बाहेर पडायला अडचणीचे ठरू नयेत, म्हणून चारही बाजूंनी वाट मोकळी असणारे निवडावे.

खाद्याच्या निवडीनेही बराच फरक पडतो. भरडलेला मका, टरफलासकट भुईमूग, शिळी पोळी किंवा पाव, मांसाचे तुकडे यांमुळे मोठे, सर्वभक्षी पक्षी जमतात. करडईच्या बिया अनेक लहान पक्ष्यांना चालतात आणि ग्रॅकलना मात्र फारशा आवडत नाहीत. कारळ्यासारख्या बारीक बिया छोट्या फिंचना आवडतात आणि मोठ्या पक्ष्यांना त्यांत रस नसतो. दोन आठवडे फक्त करडई आणि कारळे ठेवून पाहिले, तर मोठे पक्षी निघून जातात की नाही हे बहुधा कळून येते.

मांस मुद्दाम घालावे का, असा प्रश्न इथे अनेकांच्या मनात येतो, कारण हंगेरीतल्या दाखल्यात चरबीयुक्त मांसामुळे शिकार थांबली होती. माझे मत असे की कच्चे मांस ठेवू नये. ते लवकर सडते, उंदीर-घुशी आणि मांजरांना बोलावते, आणि कावळ्यासारख्या पक्ष्यांची संख्या अंगणात वाढवते. ऑस्ट्रेलियात कुरावाँग आणि बुचरबर्ड यांसारख्या मांसाहारी गाणाऱ्या पक्ष्यांना मांस भरवण्याविरुद्ध इशारे दिले जातात, ते याच कारणासाठी. थंड प्रदेशांत लहान पक्ष्यांना चरबी हवी असेल तर घट्ट स्वच्छ चरबीचे गोळे जाळीच्या खोक्यात टांगावे, तेही थंडीपुरतेच, कारण उन्हाळ्यात चरबी वितळून पिसांना लागते.

विणीच्या काळात फीडर कुठे टांगला आहे, यालाही महत्त्व येते. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भरलेल्या फीडरच्या जवळ ठेवलेल्या कृत्रिम घरट्यांतील अंडी पळवली जाण्याचा धोका वाढलेला आढळला. मॅगपाय, ‘जे’ पक्षी आणि करड्या खारी खाद्याकडे ओढल्या जातात आणि जाता जाता आजूबाजूच्या झुडपांतही डोकावतात. ज्या झुडपात घरटे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या शेजारचा फीडर विणीपुरता दूर हलवावा, एवढी साधी खबरदारी पुरेशी आहे.

खाटीक आला असेल तर

वरच्या सर्व प्रकारांपेक्षा हे प्रकरण वेगळे आहे, कारण खाटीक हा संधी मिळाली म्हणून मारणारा पक्षी नाही, तो शिकारीच आहे. शरीररचनेने तो गाणाऱ्या पक्ष्यांच्याच गणातला. त्याला घारी-ससाण्यासारखे बळकट नखांचे पंजे नाहीत. पण वरच्या चोचीच्या दोन्ही कडांना टोकाशी दातासारखा उंचवटा असतो आणि त्याने तो भक्ष्याचा मानेचा मणका तोडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की लॉगरहेड श्राइक जातीचा खाटीक पकडलेल्या भक्ष्याला सेकंदाला सुमारे अकरा वेळा इतक्या वेगाने हिसडे देतो. पंज्यांनी भक्ष्य धरून ठेवता येत नाही म्हणून ते काट्यावर किंवा काटेरी तारेवर खोचून, अथवा फांदीच्या बेचक्यात अडकवून तो त्याचे लचके तोडतो, आणि उरलेले तिथेच साठवून ठेवतो. उष्ण दिवसांत त्याचा आहार मुख्यतः मोठे किडे, सरडे यांचा असतो. थंडीत किडे संपले की उत्तरेकडच्या प्रदेशांतले मोठे खाटीक लहान पक्ष्यांकडे आणि उंदरांकडे वळतात, आणि पक्ष्यांनी गजबजलेला फीडर त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

ओळखायला तो कठीण नाही. राखाडी किंवा तपकिरी पाठ, डोळ्यांवरून गेलेला काळा पट्टा, आकड्यासारखी वाकलेली चोच, आणि झाडाच्या अगदी शेंड्यावर किंवा तारेवर एकटेच ताठ बसण्याची सवय. फीडरवरचे सगळे पक्षी एकाएकी पुतळ्यासारखे निश्चल झाले, किंवा एखादा मध्यम आकाराचा पक्षी झुडपात घुसून लहान पक्ष्याचा पाठलाग करू लागला, तर संशय घ्यावा. कुंपणाच्या तारेवर किंवा काटेरी झुडपावर खोचलेला पक्षी, बेडूक किंवा मोठा नाकतोडा सापडला, तर शंकेला जागा उरत नाही.

उपाय साधा आहे, पण त्याला धीर लागतो. एक ते दोन आठवडे फीडर रिकामे ठेवावे. पक्षी पांगले की खाटीकही आपल्या विस्तीर्ण टापूतल्या दुसऱ्या भागाकडे जातो, आणि बहुतेक वेळा परत आल्यावरही पूर्वीसारखा ठाण मांडून बसत नाही. कडाक्याची थंडी असेल तर सगळे फीडर बंद करण्याऐवजी ते दाट झुडपांजवळ, साधारण तीन-चार मीटरवर हलवावे, म्हणजे लहान पक्ष्यांना आडोशाला जाता येते, पण मांजराला फीडरखाली दबा धरता येत नाही. फांद्यांची दाट, काटेरी, खाली जमिनीपर्यंत उतरलेली जाळी हा आडोसा सर्वांत चांगला, जरी खाटीक तिच्यातही शिरण्याचा प्रयत्न करतो.

त्याला दगड मारणे, जाळ्यात पकडणे किंवा विषारी खाद्य ठेवणे हे कधीही करू नये. अनेक देशांत देशी रानपक्ष्यांना इजा करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच ठरले असते : लॉगरहेड श्राइकची संख्या उत्तर अमेरिकेत १९६६ नंतर सुमारे तीन चतुर्थांशाने घटली आहे. आपल्या अंगणात आलेला खाटीक हा त्या परिसरात अजून पुरेसे किडे, सरडे आणि मोकळी माळरानसदृश जागा शिल्लक असल्याचे चिन्ह असते, आणि मला तरी त्याच्या येण्यात तक्रारीपेक्षा समाधानाचे कारण अधिक वाटते.

घरट्याच्या पेटीवरून झालेले मृत्यू

मृत पक्षी फीडरखाली नव्हे तर पेटीच्या आत किंवा अगदी खाली सापडत असतील, तर फीडरशी त्याचा संबंध थेट नसतो. ग्रेट टिट आपल्या पेटीत शिरलेल्या पाइड फ्लायकॅचर या छोट्या स्थलांतरी पक्ष्याला मारतो आणि पुष्कळदा त्याचा मेंदू खातो. नेदरलँड्समध्ये येल्मर साम्प्लोनियस आणि क्रिस्तियान बोथ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही वर्षी पेट्यांवर हक्क सांगणाऱ्या नर फ्लायकॅचरांपैकी ९ टक्क्यांच्या आसपास असे मारले गेल्याचे दिसले. आफ्रिकेतून येणाऱ्या फ्लायकॅचरांची येण्याची वेळ आणि टिटची वीण जितकी एकमेकांवर येते, आणि सौम्य हिवाळ्यानंतर टिटची संख्या जितकी वाढते, तितका हा संघर्ष तीव्र होतो. उत्तर अमेरिकेत युरोपातून आलेली चिमणी ब्लूबर्डना पेटीतच डोक्यावर चोची मारून ठार करते, हा त्याच स्वरूपाचा प्रश्न आहे.

इथे भूक हे मूळ कारण नसून जागेची टंचाई आहे, म्हणून खाद्य वाढवून किंवा कमी करून काही होत नाही. पेट्यांची संख्या वाढवावी, त्या एकमेकींपासून दूर लावाव्या, आणि भोकाचा व्यास काळजीने निवडावा. २५ मिलिमीटरच्या भोकातून ब्लू टिट आत जातो, ग्रेट टिटला २८ मिलिमीटर लागतात, चिमणीला ३२. ज्या लहान पक्ष्याला वाचवायचे आहे तो ज्या भोकातून जातो आणि त्याचा शत्रू जात नाही, ते माप वापरावे, आणि सुतारपक्ष्याने भोक मोठे करू नये म्हणून त्याभोवती धातूची पट्टी ठोकावी. पाइड फ्लायकॅचरला मात्र ग्रेट टिटएवढेच भोक लागत असल्याने त्याच्या बाबतीत मापाचा उपयोग नसतो. तिथे काही पेट्यांची भोके फ्लायकॅचर येईपर्यंत बंद ठेवून, तो आल्यावर उघडणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. पेटीच्या तोंडाशी बसायची दांडी कधीही लावू नये. आत राहणाऱ्या पक्ष्याला तिची गरज नसते, हल्ला करणाऱ्याची मात्र सोय होते.

उपाय करूनही प्रकार थांबला नाही तर

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला किमान दोन आठवडे द्यावे, अन्यथा कशाने फरक पडला हे कळणार नाही. याला अपवाद रोगाचा : आजारी पक्षी दिसले की खाद्य बंद करणे, धुणे आणि जमीन साफ करणे हे सगळे एकदमच करावे लागते. मृत पक्षी सापडला तर त्याची जात, जखमेची जागा, वेळ, हवामान आणि त्या दिवशी ठेवलेले खाद्य यांची नोंद करावी. पाच-सहा नोंदी झाल्या की बहुधा एखादा धागा सापडतो, उदाहरणार्थ सगळे हल्ले सकाळच्या पहिल्या तासात होतात किंवा सगळे बळी एकाच जातीचे आहेत. एकाच जातीचे पक्षी मरत असतील तर पुन्हा रोगाची शक्यता तपासावी, जरी पहिल्या वेळी लक्षणे दिसली नसली तरी. काही दिवसांत अनेक पक्षी मेले तर परिसरातील वन्यजीव विभागाला किंवा पशुवैद्यकाला कळवावे, कारण मृत पक्ष्यांची तपासणी करून रोगाचे नाव सांगणे केवळ त्यांनाच शक्य असते.

आणि एखादा हल्ला डोळ्यांदेखत चाललेला असेल तर मध्ये पडावे का, याबद्दल माझे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. टाळ्या वाजवून हल्लेखोर उडाला तरी मानेवर किंवा डोक्यावर घाव बसलेला लहान पक्षी क्वचितच वाचतो, आणि तो पुढचे काही तास झुडपाखाली तडफडत राहतो. मात्र जखम नसलेला, फक्त बधिर झालेला पक्षी असेल, तर त्याला हवा खेळेल अशा खोक्यात, अंधारात आणि शांत जागी तासभर ठेवावे, पाणी किंवा दाणे तोंडात घालू नये, आणि तो हालचाल करू लागला की फीडरपासून दूर, झुडपाच्या आडोशाला सोडावा.